चार्ल्स सँटली यांनी ऑपेराची रंगभूमी का सोडली असावी?

जुनी_तबकडी

नमस्कार. गेले काही महिने ग्रामोफोनच्या आरंभकाळातील मुद्रणे मी क्रमाने ऐकत आहे. त्या ओघात सर चार्ल्स सँटली या इंग्रज बॅरिटोनने (मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या गायकाने) १९०३ साली गायिलेले मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेरातील ‘नॉन प्यू आंद्राई’ हे पद ऐकले, आणि तेव्हापासून हा गायक मनातून जात नाही. मुद्रणाच्या वेळी त्यांचे वय ६९ होते. खरखरीमागून येणारा तो आवाज थकलेला आहे, हे मान्य. पण शब्द असे नेमके पडतात आणि लय अशी खेळकर राहते, की आयुष्यभर रंगमंचावर वावरलेला माणूस गातो आहे हे कळण्यासाठी इटालियन भाषा यावी लागत नाही.

त्यांच्याविषयी वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट सतत खटकत राहिली. जन्म २८ फेब्रुवारी १८३४, लिव्हरपूल. मिलानमध्ये शिक्षण, १८५७ साली इटलीत पाव्हिया येथे रंगमंचावर पदार्पण, १८५९पासून लंडनच्या ऑपेरात, आणि थोड्याच वर्षांत आघाडीचे स्थान. मग १८७७च्या सुमारास, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑपेरा जवळजवळ बंद. त्यानंतर तीसहून अधिक वर्षे ते गात होते, पण ते ऑरेटोरिओ आणि मैफली. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो : ऑरेटोरिओत बहुधा बायबलमधील कथा असते, पात्रे असतात, वृंदगान असते, मात्र वेशभूषा, नेपथ्य, हालचाल यांपैकी काहीही नसते आणि गायक स्वरलिपीची वही हातात घेऊन एका जागी उभा राहतो.

बॅरिटोनचा आवाज चाळिशीत पिकतो असे मानतात. नेमक्या त्या वयात या गायकाने रंगभूमी का सोडली? इंग्लंडने आपला सर्वांत मोठा ऑपेरागायक वाया घालवला, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी लिहावे.

मर्सीकाठ

मी गेली अठरा वर्षे लिव्हरपूलमध्ये राहतो आणि इथल्या एका हौशी गायकवृंदात बासच्या, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाच्या, रांगेत उभा राहून गातो, म्हणून हा विषय माझ्या जवळचा आहे. तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. त्याचे कारण सँटली यांच्या बालपणात आहे.

त्यांचे वडील ऑर्गनवादक आणि संगीतशिक्षक होते. मुलगा चर्चमध्ये गात वाढला. आवाज फुटल्यावर वडिलांचा आग्रह असा की हा टेनरच, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज आहे; त्यामुळे पंधराव्या वाढदिवशी लिव्हरपूल फिलहार्मोनिक सोसायटीच्या वृंदात त्याची निवड झाली ती दुय्यम टेनरांमध्ये. त्याच वर्षी, १८४९ साली, सोसायटीचे नवे सभागृह उघडले आणि त्या उद्घाटनाच्या मैफलींत हा मुलगा वृंदात उभा होता. पोटापाण्यासाठी त्याला व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले होते. हिशेबाच्या वह्या दिवसा आणि हँडेलचे संगीत संध्याकाळी, अशी ती वर्षे गेली. १८५५ साली तो इटलीला गेला आणि गाएतानो नावा या गायनशिक्षकाकडे शिकला. पाव्हियाचे पदार्पण म्हणजे ‘ला त्राव्हियाता’मधील डॉक्टरची अगदी छोटी भूमिका.

परत आल्यावर लंडनमध्ये तो प्रथम कुठे गायला? ऑपेरात नव्हे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सेंट मार्टिन्स हॉलमध्ये, हायडनच्या ‘क्रिएशन’ या ऑरेटोरिओत, ॲडमच्या भूमिकेत. ऑपेरासाठी त्याला आणखी दोन वर्षे थांबावे लागले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात ‘दिनोरा’ या ऑपेरातील होएलची भूमिका त्याने १८५९ साली गायिली. ज्या घरातून तो निघाला त्या घरी परतला, याला ‘वाया गेला’ असे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

खर्जप्रेमी

मूळ प्रश्न उत्तम आहे. एक शंका : बॅरिटोन म्हणजे खर्जाचा आवाज असे आपण ढोबळपणे म्हणतो, ते बरोबर आहे का?

मर्सीकाठ

खर्ज म्हटले तर बास अधिक जवळचा. बॅरिटोन हा बास आणि टेनर यांच्यामधला आवाज. पुरुषांच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीला सर्वांत जवळ असणारा. ऑपेरात म्हणूनच टेनर बहुधा प्रियकर असतो आणि बॅरिटोनच्या वाट्याला भाऊ, बाप, प्रतिस्पर्धी, खलनायक किंवा चतुर नोकर येतो. संसारी माणसे सगळी बॅरिटोन असतात, असे आमचे वृंदसंचालक म्हणतात.

नाट्यपद

भाऊ म्हटल्यावर गूनोच्या ‘फाउस्ट’चा उल्लेख व्हायलाच हवा, कारण सँटली यांच्या कारकिर्दीची सर्वांत टिकाऊ खूण तिथे आहे आणि बहुतेक श्रोत्यांना ती माहीत नसते.

‘फाउस्ट’ पॅरिसमध्ये १८५९ साली रंगमंचावर आले. त्यात नायिकेचा भाऊ वालेंतिन युद्धावर निघतो आणि बहिणीला देवाच्या हवाली करतो. पण मूळ प्रयोगात त्या क्षणी त्याच्यासाठी स्वतंत्र पद नव्हते. जून १८६३मध्ये लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात हे ऑपेरा इटालियनमधून झाले तेव्हा वालेंतिन सँटली होते. पुढच्या जानेवारीत त्याचा इंग्रजी प्रयोग ठरला, आणि या गायकासाठी गूनोने खास पद रचून दिले. चाल त्याने याच ऑपेराच्या प्रारंभीच्या वाद्यसंगीतातून उचलली आणि इंग्रजी शब्द हेन्री चोर्ली यांनी बसवले. आज ते पद ‘आव्हां द कित्ते से ल्यू’ या फ्रेंच शब्दांनी ओळखले जाते. जगभरचे तरुण बॅरिटोन निवडचाचणीला ते गातात आणि ते अस्सल फ्रेंच समजले जाते. प्रत्यक्षात फ्रेंच शब्द त्यावर नंतर चढले.

नटाचा गळा पाहून नाटकात पद घालण्याची रीत आपल्या संगीत नाटकाला अपरिचित नाही. तरीही इथे मला वेगळे काही दिसते. सँटली यांना मिळालेले पद टाळीसाठी घातलेले नाही. ते आल्यामुळे वालेंतिन या पात्रालाच वजन आले, आणि चौथ्या अंकात तो बहिणीला शाप देत मरतो तेव्हा श्रोत्याला आधीची प्रार्थना आठवते. संगीतकाराने गायकात काय पाहिले, हे यातून कळते.

ऋतुगंध

मूळ प्रश्नाकडे येऊ. सँटली यांच्या स्वभावापेक्षा तेव्हाच्या लंडनमधील ऑपेराच्या व्यवस्थेत याचे उत्तर शोधावे, असे मला वाटते.

त्या काळी लंडनमध्ये प्रतिष्ठेचे ऑपेरा म्हणजे इटालियन ऑपेरा. मोझार्ट असो, गूनो असो, भाषा इटालियन. श्रीमंतांचा हंगाम वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत चाले आणि मग थिएटर बंद होई. इंग्रज गायकावर किती दडपण असे याची कल्पना एका उदाहरणावरून येईल : ॲलन जेम्स फोली हा आयरिश बास जाहिरातींत ‘सिन्योर फोली’ बनला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. सँटली यांनी आपले इंग्रजी नाव इटालियन नावांच्या रांगेत तसेच उभे ठेवले. आज हे किरकोळ वाटते. तेव्हा ते तसे नव्हते.

२३ जुलै १८७० रोजी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात वाग्नरचे ‘फ्लाइंग डचमन’ झाले. लंडनमध्ये रंगमंचावर आलेले वाग्नरचे हे पहिले ऑपेरा, आणि शापित खलाशाच्या मध्यवर्ती भूमिकेत सँटली. एका जर्मन संगीतकाराची कृती एक इंग्रज गायक इंग्लंडमध्ये इटालियन भाषेतून गातो आहे, आणि तीही हंगामाचे शेवटचे दिवस उरले असताना! अशा व्यवस्थेत कोणत्या भूमिकेला मुळे धरणार होती?

इंग्रजीतून ऑपेरा करणाऱ्या मंडळ्या निघत आणि मोडत. पाइन आणि हॅरिसन यांच्या ज्या मंडळीतून सँटली पुढे आले ती १८६४ साली बंद पडली. त्या मंडळीतर्फे त्यांनी वॉलेस, बेनेडिक्ट अशा तेव्हाच्या संगीतकारांच्या नव्या इंग्रजी कृतींत भूमिका उभ्या केल्या. ‘लिली ऑफ किलार्नी’मधला डॅनी मॅन त्यांतलाच. १८७३ साली कार्ल रोझाने नवी मंडळी काढली, १८७५ साली लंडनच्या पहिल्याच हंगामात फिगारोच्या भूमिकेसाठी त्याने सँटली यांना बोलावले, आणि पुढच्या वर्षी लायसियम थिएटरात तोच डचमन त्यांनी अखेर इंग्रजीतून गायिला. म्हणजे बेचाळीस वर्षांचा गायक पुन्हा एका नव्या, आर्थिकदृष्ट्या अस्थिर मंडळीचा पाया घालत होता. दमणूक समजू शकते.

सोलफेज

ऋतुगंध यांनी ऑपेराची बाजू नेमकी मांडली. ऑरेटोरिओची बाजू मी मांडते, कारण माझे सगळे बालपण गोव्यात चर्चच्या गायकवृंदाशेजारी गेले.

सँटली लंडनमध्ये प्रथम ज्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये गायले ते सभागृह जॉन हल्ला यांच्या गायनवर्गांसाठी उभारलेले होते. सामान्य कामकरी माणसांना स्वरलिपी वाचायला शिकवणे हे हल्ला यांचे ध्येय. त्यांच्या पद्धतीत ‘डो’ एका ठरलेल्या स्वराला चिकटलेला असे. जॉन कर्वेन यांनी पुढे जी टॉनिक सोल-फा पद्धत पसरवली तिच्यात ‘डो’ सरकता, म्हणजे आपल्या षड्जासारखा : पट्टी कोणतीही असो, आधारस्वर तोच ‘डो’. या पद्धतीने गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत हजारो माणसे हँडेल आणि मेंडेल्सन वाचून गाऊ लागली. आमच्या गावातील चर्चच्या शाळेत मी शिकले ते पोर्तुगीज वळणाचे सोल्फेज, म्हणजे हल्ला यांच्यासारखा स्थिर ‘डो’. त्यामुळे पुढे हिंदुस्थानी संगीत शिकताना मला षड्ज सरकवायला फार त्रास झाला, आणि म्हणूनच हा फरक माझ्या पक्का लक्षात आहे.

सांगायचा मुद्दा असा की ऑरेटोरिओला इंग्लंडमध्ये असा श्रोता होता ज्याने ती कृती स्वतः गायिलेली असे. बर्मिंगहॅम, लीड्स, नॉर्विच येथील महोत्सव, क्रिस्टल पॅलेसमधील हँडेल महोत्सव, जिथे वृंदातच हजारो गायक असत. एकल गायकाची प्रत्येक जागा ओळखणारे कान समोर आहेत आणि भाषा सर्वांची आहे. ऑपेराच्या बाल्कनीतून दागिने न्याहाळणाऱ्या श्रोत्यांपेक्षा हा श्रोता कोणत्याही सच्च्या गायकाला प्रिय वाटेल. शिवाय बरीच धर्मनिष्ठ घरे थिएटरची पायरी चढत नसत. ती माणसे सँटली यांना फक्त इथेच ऐकू शकत होती.

जुनी_तबकडी

सर्वांचे आभार. फिलहार्मोनिकचा वृंद आणि हल्ला यांचे वर्ग या दोन्ही गोष्टी मला माहीत नव्हत्या. तरीही माझे दुःख कमी होत नाही. व्हेर्दीच्या ‘ओथेल्लो’मधील इयागो १८८७ साली आला आणि फाल्स्टाफ १८९३ साली. दोन्ही भूमिका बॅरिटोनसाठी लिहिलेल्या सर्वोत्तम भूमिकांत गणल्या जातात, आणि दोन्ही प्रथम गायिल्या त्या फ्रान्सच्या व्हिक्टर मोरेल यांनी. शेक्सपिअरच्या देशातला, शब्दाला इतका जागणारा बॅरिटोन त्या वेळी गात होता, आवाज टिकून होता, पण तो ऑपेराच्या बाहेर होता. हे नुकसान कोणत्या महोत्सवाने भरून येईल?

मर्सीकाठ

इयागोचे नुकसान मान्य. पण ‘एलायजा’ला कमी लेखू नका.

मेंडेल्सनचे ‘एलायजा’ हे बायबलमधील संदेष्ट्यावरचे ऑरेटोरिओ १८४६ साली बर्मिंगहॅममध्ये प्रथम झाले, आणि सँटली यांची पिढी त्याच्यावरच वाढली. त्यांच्या नावाशी सर्वाधिक जोडली गेलेली ऑरेटोरिओतील भूमिका हीच. आम्ही ते काही वर्षांपूर्वी केले. मी वृंदात बआल या देवाच्या पुजाऱ्यांपैकी एक होतो. आम्ही देवाला हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि एलायजा आम्हांला चिडवतो : अजून मोठ्याने ओरडा, तुमचा देव झोपला असेल. आमच्या त्या दिवसाच्या बॅरिटोनने ते वाक्य इतक्या शांतपणे टाकले, की आमच्या रांगेतल्या माणसांना खरोखर अपमान झाल्यासारखे वाटले आणि पुढची हाक आम्ही तालमीत कधीही मारली नव्हती अशी मारली. पुढे तोच एलायजा रानात एकटा बसून मरण मागतो. एक चेलो आधी ती चाल गाते आणि मग तो तिच्यामागून येतो. राग, उपरोध, विजय, क्रौर्य, खचणे, इतके सगळे एका पात्रात असताना अंगावर झगा आहे की काळा कोट, याचा विसर पडतो.

सँटली यांनी ऑपेरात वीस वर्षे जे कमावले ते इथे ओतले, असे मला वाटते. ते मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकांकडेही शिकले होते, हे इथे लक्षात घ्या. गार्सियांच्या वडिलांनी रॉसिनीच्या ‘बार्बर’मधील आल्माव्हिव्हा १८१६ साली प्रथम गायिला. इतक्या थेट परंपरेतून आलेला माणूस वही हातात घेऊन उभा राहिला, तरी त्याच्यातला नट थिएटरच्या दारात थांबत नाही.

खर्जप्रेमी

तुमचा अनुभव मनापासून आवडला, पण पूर्ण सहमती नाही. रंगमंचावर समोरचे पात्र तुमच्याकडे पाहते, तुमचा हात झिडकारते, आणि त्याचा परिणाम श्वासावर होतो. ऑरेटोरिओत सहगायक शेजारी खुर्चीवर बसलेला असतो. हा फरक गाण्यातही उतरतोच.

डरहॅमकर

मी डरहॅममध्ये राहते. इथून जवळच असलेल्या सीहॅम या कोळशाच्या आणि बंदराच्या गावात १९४४ साली सर थॉमस ॲलन यांचा जन्म झाला. त्यांची कारकीर्द सँटली यांच्या शेजारी ठेवून पाहिली तर ऋतुगंध यांचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

ॲलन १९६४ ते १९६८ रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकले आणि १९६९ साली वेल्श नॅशनल ऑपेरात दाखल झाले. या संस्थेचे पहिले प्रयोग १९४६ साली कार्डिफमध्ये झाले तेव्हा तिचा वृंद हौशी गायकांचा होता. म्हणजे सोलफेज यांनी वर्णन केलेल्या त्याच गाणाऱ्या समाजातून इथे चक्क ऑपेरा उगवले. १९७१ साली ॲलन कॉव्हेंट गार्डनमध्ये ब्रिटनच्या ‘बिली बड’मधील डोनाल्ड या लहान भूमिकेत आले, आणि पुढे त्याच रंगमंचावर पन्नासहून अधिक भूमिका गायले. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधील पापागेनो. डॉन जोव्हानी, बिली बड, आणि वय वाढल्यावर वाग्नरच्या ‘माइस्टरसिंगर’मधील बेकमेसर आणि ‘कोझी फान तुत्ते’मधील डॉन अल्फोन्झो. १९९९ साली ते सर झाले आणि २०१२पासून दहा वर्षे डरहॅम विद्यापीठाचे कुलपती होते. पदवीदान समारंभात एका खाणगावातला मुलगा कॅथेड्रलमध्ये त्या झग्यात बसलेला पाहताना इथल्या जुन्या माणसांचे चेहरे कसे उजळत, ते मी पाहिले आहे.

लक्ष द्या : चाळिशीनंतर त्यांना ऑपेरा सोडावे लागले नाही, उलट वयानुसार भूमिका बदलत गेल्या. सँटली यांना ही शिडीच उपलब्ध नव्हती.

ऋतुगंध

अगदी हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉव्हेंट गार्डनला कायमची मंडळी आली, १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले आणि सार्वजनिक पैसा येऊ लागला. गायकाला वर्षाचा करार मिळाला, की तो यंदा डोनाल्ड गाऊन पुढे कधीतरी नायक गाऊ शकतो. सँटली यांच्या काळी हंगाम संपला की मंडळी पांगत. १८७१ साली ते अमेरिकेला गेले, १८८९मध्ये ऑस्ट्रेलियाला.  त्यांच्या गळ्याला संस्था मिळाली ती महोत्सवांच्या रूपाने, आणि ते त्या संस्थेत राहिले.

नाट्यपद

आता तबकडीकडे येतो, कारण धाग्याची सुरुवात तिथून झाली. सँटली यांचे ते मुद्रण करणारी ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनी म्हणजे तीच, जिच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने एकाच जातीच्या कर्ण्यासमोर हे दोन कलावंत उभे होते. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन १९२५ साली आला. तोवर आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरत असे. गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, मोठ्या स्वराला मागे सरावे लागे, आणि तीन-चार मिनिटांत सगळे आटोपावे लागे. भरलेल्या सभागृहात आवाज फेकण्याची पन्नास वर्षांची सवय असलेल्या माणसासाठी ही बंद खोली किती परकी असेल! म्हणून त्या मुद्रणात आवाजाचा आकार शोधू नका. उच्चार, लय आणि शब्दावरचा भर एवढेच विश्वासाने ऐकता येते.

आकार ऐकायचा असेल तर त्यांचे शिष्य पीटर डॉसन यांना ऐका. ॲडलेडहून आलेला हा तरुण बास-बॅरिटोन विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे सँटली यांच्याकडे शिकला. त्याला मायक्रोफोनचे दिवसही लाभले, आणि त्याच्या तबकड्या जगभर खपल्या.

खर्जप्रेमी

काल रात्री डॉसन यांचे हँडेल ऐकले. लांबलचक ताना, पण प्रत्येक स्वर सुटा आणि गोल, कुठेही घसरण नाही, धाप नाही. हे शिकवणारा माणूस स्वतः पन्नाशीत कसा गात असेल, याचा थोडा अंदाज आला.

सोलफेज

डॉसन यांच्या इंग्रजी उच्चारांकडेही लक्ष द्या. शब्दाचा शेवटचा व्यंजन सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, हा ऑरेटोरिओचा संस्कार आहे. आमच्या वृंदातही शिक्षक यावरच सर्वाधिक वेळ घालवत.

जुनी_तबकडी

चार दिवस सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले, डॉसन ऐकले, आणि मग ती १९०३ची तबकडी पुन्हा लावली. ‘वाया घालवला’ हा माझा शब्द मी मागे घेतो. सँटली यांच्यासमोर ऑपेराची जी व्यवस्था होती तिच्यात राहून ते कदाचित आणखी पाच-सात हंगाम तीच पाच-सहा पात्रे इटालियनमध्ये गात राहिले असते. इयागोची खंत मात्र राहील, आणि खर्जप्रेमी यांची हरकतही मला योग्य वाटते.

एक तपशील या निमित्ताने सापडला तो नोंदवतो. १९०७ साली त्यांना सर हा किताब मिळाला. असा सन्मान मिळालेले ते पहिलेच गायक मानले जातात. त्यानंतर चार वर्षांनी, मे १९११मध्ये, त्यांनी रसिकांचा निरोप घेतला, आणि त्या निरोपासाठी जागा निवडली गेली ती कॉव्हेंट गार्डन. जिथे बावन्न वर्षांपूर्वी ते होएल म्हणून प्रथम उभे राहिले होते तेच थिएटर. पुढे १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, बेल्जियमच्या निर्वासितांच्या मदतीसाठी लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये मैफल झाली. तिथे ते पुन्हा एकदा गायले. तेव्हा त्यांचे वय ८१ होते.

‘एलायजा’ मी अजून सलग ऐकलेले नाही. मर्सीकाठ, आपल्या गायकवृंदाने केलेल्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेल तर बआलच्या पुजाऱ्यांचा तो भाग जरूर पाठवावा. चेलोची जागा मी त्यानंतर ऐकेन.